दोन रुपयांचा डायोड आणि घाटाखालची हवा

मागच्या दोन शनिवारी काही लिहिलं नाही, माफ करा. गावी गेलो होतो. येताना डोकं तापवून आलोय, त्यामुळे आजचा लेख जरा चढ्या आवाजात वाचावा लागेल. शिवाय आज कोडबद्दल काहीच नाही. आज एका डायोडबद्दल लिहिणार आहे. खरं तर नसलेल्या डायोडबद्दल.

आमचं गाव खामगाव तालुक्यात. बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोन भाग करतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घाटाखाली. घाटावरचे लोक आपल्या हवेची बढाई मारतात आणि आम्ही ती ऐकून घेतो, कारण मे महिन्यात आमच्याकडे बोलायचीही ताकद उरलेली नसते. ऊन सगळ्यांना माहीत असतं. पण आजच्या लेखाचा खलनायक ऊन नाही, कोरडेपणा आहे. पाऊस परतला की हवेतलं पाणी जातं, आणि मग पार पुढच्या जूनपर्यंत स्वेटर काढताना चटचट, प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठून दाराच्या कडीला हात लावला की चट्. लहानपणी आम्ही एकमेकांच्या कानाला बोट लावून शॉक द्यायचो. फुकटातला खेळ.

तर माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीकविम्याचे अर्ज, आधारवर पैसे काढणं. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांची रांग. २०१४ मध्ये जीवन प्रमाण सुरू झाल्यापासून पेन्शनर जिवंत असल्याचा दाखला बोटाच्या ठशावर निघतो. दादाकडे ठसा घेणारं यंत्र आहे, ते एका चार तोंडांच्या यूएसबी हबला जोडलेलं, आणि हब कॉम्प्युटरला.

त्या सकाळी मी तिथेच चहा पीत बसलो होतो. टपालखात्यातून निवृत्त झालेले नाना आले. चौऱ्याहत्तरीचे गृहस्थ, अंगात ॲक्रिलिकचा स्वेटर, वर पॉलिएस्टरची शाल. प्लॅस्टिकच्या खुर्चीत अर्धा तास बसले. नंबर आल्यावर उठले आणि यंत्राकडे बोट नेलं. चट्. मला तीन फुटांवरून ऐकू आलं. कॉम्प्युटरने तो ओळखीचा उतरता सूर काढला, यंत्राचा दिवा विझला.

"पाह्य, गेलं पुन्हा," दादा म्हणाला. "या सालातलं तिसरं. तुम्ही पुन्याचे इंजिनेर लोक काय बनवता रे हे?"

नाना शांतपणे बोट पुसत म्हणाले, "मंग मी जिता आहो का मेलो, हे आता उद्याच समजन काय बाप्पा?"

सगळे हसले. मीही हसलो. मग हसू ओसरलं, कारण रांगेत मागे अकरा माणसं होती, त्यातली दोन शेजारच्या गावाहून ऑटो करून आलेली.

यंत्र दुसऱ्या तोंडाला लावलं तर चाललं नाही. सरळ कॉम्प्युटरला लावलं तर चाललं. म्हणजे मेला होता हब. दुपारी मी तो उघडला. प्लॅस्टिकचा डबा, आत दोन थरांचा बोर्ड. मल्टिमीटर लावला. ज्या तोंडाला यंत्र जोडलेलं होतं, त्याची डी-मायनस लाइन आणि ग्राउंड यांच्यात १४ ओहम. बाकीच्या तीन तोंडांवर असं काही नाही. म्हणजे चिपच्या त्या पायामागचं सिलिकॉन वितळून सरळ ग्राउंडला चिकटलेलं. मेल्याचं कारण शोधायला याहून स्वच्छ पुरावा सहसा मिळत नाही.

आणि मग मला ते दिसलं. चारही कनेक्टरच्या मागे सहा पायांच्या चिमुकल्या भागासाठी जागा काढून ठेवलेली. पॅड आहेत, पांढऱ्या शाईत नंबर छापलेले आहेत, पॅडवर कथिलही चकाकतंय. भाग मात्र चारही जागी नाही. ज्याने बोर्ड काढला त्याला हे ठाऊक होतं. नंतर कुणीतरी भागांच्या यादीत त्या ओळीपुढे लिहिलं, "बसवू नये".

माझा राग या दोन शब्दांवर आहे.

तो भाग काय करतो

हार्डवेअरवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. खुर्चीतून उठणारा माणूस म्हणजे एक भरलेला कपॅसिटर. हवा दमट असेल तर चार्ज हळूहळू निसटून जातो, कोरडी असेल तर साठतो. या विषयावरच्या पुस्तकांत सर्रास छापलेला एक जुना तक्ता आहे. गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत दीड हजार व्होल्ट, तर १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५ हजार व्होल्टपर्यंत. माणूस तोच, चाल तीच, फरक फक्त हवेचा. साधारण ३ हजार व्होल्टच्या खालचा शॉक आपल्याला जाणवतही नाही. म्हणजे जो 'चट्' ऐकू आला तो मोठाच होता, आणि न ऐकू आलेले किती झाले असतील ते देव जाणे.

यूएसबीच्या डेटा लाइनवरचा सिग्नल जास्तीत जास्त साडेतीन व्होल्टच्या आसपासचा. त्या लाइनवर हजारो व्होल्ट आले की ते कुठेतरी जाणारच. टीव्हीएस डायोड त्यांना वाट काढून देतो. एरवी तो झोपलेला असतो, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की नॅनोसेकंदाच्या आत जागा होतो आणि सगळा करंट ग्राउंडकडे वळवतो. देवळाच्या शिखरावरची वीज अडवणारी सळई आणि हा डायोड एकाच कुळातले. कुणी देऊळ बांधताना म्हणत नाही की सळईचे पैसे वाचवू, शिखर स्वतःच बघून घेईल.

घाऊक भावात अशा डायोडची किंमत दोन-चार रुपये. चार तोंडांचे झाले आठ ते सोळा रुपये. बोलणी लावून घेतला, साधा ब्रँड घेतला, तर आणखी कमी.

आता 'बसवू नये' वाल्यांची नेहमीची कारणं बघू. ही सगळी मी मीटिंगमध्ये प्रत्यक्ष ऐकलेली आहेत.

कारण पहिलं: "चिपमध्ये आतच प्रोटेक्शन असतं"

असतं. डेटाशीटवर लिहिलेलंही असतं, २ किलोव्होल्ट, एचबीएम. हे वाचून लोक निश्चिंत होतात. पण ते २ किलोव्होल्ट कारखान्यातल्या २ किलोव्होल्टचे आहेत, नानांच्या बोटाचे नाहीत.

एचबीएम चाचणीत १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर दीड हजार ओहममधून रिकामा करतात. २ हजार भागिले दीड हजार, म्हणजे १.३३ अँपिअर. ही चाचणी चिप बोर्डवर बसेपर्यंत जगावी एवढ्यासाठी आहे, तेही मनगटाला पट्टा बांधलेल्या कामगाराच्या हातात. वापरणाऱ्या माणसासाठी वेगळं मानक आहे, आयईसी ६१०००-४-२. त्यात १५० पिकोफॅरड आणि फक्त ३३० ओहम. ८ किलोव्होल्टच्या थेट स्पर्शाला पहिला झटका ३० अँपिअरचा, तोही एका नॅनोसेकंदाच्या आत. तीस विरुद्ध सव्वा. जवळजवळ बावीस पट. दोन्हीकडे 'किलोव्होल्ट' लिहिलेलं असतं म्हणून त्यांची तुलना करणं, म्हणजे खामगावच्या बाजारातला क्विंटल आणि सोनाराकडचा तोळा दोन्ही वजनंच की, असं म्हणण्यासारखं आहे.

कारण दुसरं: "डायोड लावला की यूएसबी चालत नाही"

हे कारण अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोकादायक. चुकीचा डायोड लावला तर हाय-स्पीड यूएसबी खरंच चालत नाही. सेकंदाला ४८ कोटी बिट जाणाऱ्या लाइनवर कुणी कपाटात पडलेला साधा झीनर किंवा स्वस्तातला व्हॅरिस्टर लावतो, त्याची कपॅसिटन्स दहा-वीसपासून शंभरावर पिकोफॅरड. सिग्नलच्या कडा गोल होतात, लिंक तुटते. मग निष्कर्ष काय काढतात? डायोड काढा. निष्कर्ष असा निघायला हवा की डायोड बदला.

निवडताना बघायच्या गोष्टी फार नाहीत. पहिली, कपॅसिटन्स. हाय-स्पीडसाठी एखाद-दोन पिकोफॅरडच्या घरात राहावं, ५ गिगाबिटच्या यूएसबीसाठी अर्ध्याच्या खाली. नेक्सपेरियाचा पीआरटीआर५व्ही०यू२एक्स साधारण १ पिकोफॅरडचा आहे, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीडी२ईयूएसबी३० ०.७ चा. एसटीचा यूएसबीएलसी६-२ जास्तीत जास्त साडेतीनचा, आणि १२ मेगाबिटवर चालणाऱ्या साध्या उपकरणाला तो आरामात चालतो. यातलं काहीही दुर्मिळ नाही.

दुसरी गोष्ट, क्लॅम्पिंग व्होल्टेज. इथे लोक हमखास फसतात. पहिल्या पानावर ठळक अक्षरात '३० किलोव्होल्ट' लिहिलेलं असतं. तो आकडा डायोड स्वतः किती सोसतो याचा आहे. मागची चिप वाचेल का, हे तो सांगत नाही. त्यासाठी डायनॅमिक रेझिस्टन्स बघा. समजा दोन डायोड आहेत, दोन्ही ७ व्होल्टला उघडतात. एकाचा रेझिस्टन्स ०.४ ओहम, दुसऱ्याचा दीड. ८ किलोव्होल्टच्या झटक्यात ३० नॅनोसेकंदांनंतरही १६ अँपिअर वाहत असतात. पहिल्याच्या मागे चिपला दिसतील १३.४ व्होल्ट, दुसऱ्याच्या मागे ३१. डब्यावरचा 'किलोव्होल्ट' दोघांचाही तोच. अंगरक्षक जगला आणि राजा मेला, असा प्रकार.

तिसरी गोष्ट, ५ व्होल्टची लाइन विसरू नका. वर सांगितलेल्या काही भागांत आतले डायोड झटका पुरवठ्याच्या लाइनकडे वळवतात. तिथे शेजारीच १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर नसेल, तर तोच झटका पुरवठ्यातून फिरून बोर्डभर हिंडून येतो.

कारण तिसरं: "आमच्या सर्किटमध्ये डायोड आहे"

इथे मला माझंच पाप सांगायचंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत फर्मवेअर लिहायचो. शेतात आणि गोदामांत ठेवायचं एक नोंदयंत्र होतं, यूएसबीवरून डेटा काढायचा. आमच्या सर्किटमध्ये डायोड होता, चांगल्यातला, रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी टिक केली. बोर्डवर मात्र तो कनेक्टरपासून २८ मिलिमीटर लांब, चिपच्या कुशीत जाऊन बसला होता. कारण कनेक्टरजवळच्या जागेत कंपनीचा लोगो होता. खोटं नाही सांगत, लोगो!

फेब्रुवारी ते मे यंत्रं परत यायची. परतीच्या तक्त्यात कारणाच्या रकान्यात एकच वाक्य, 'गावातल्या लाइटचा प्रॉब्लेम' नाहीतर 'वापरणाऱ्याची चूक'. पावसाळ्यात तक्रारी थांबायच्या आणि आम्ही म्हणायचो, बघा, लोक शिकले. एकालाही वाटलं नाही की आर्द्रतेचा आलेख शेजारी ठेवून बघावा. मला तर वाटायलाच हवं होतं, मी त्याच हवेत वाढलोय. मी काय केलं? यूएसबी अडकली की चिप गुपचूप रीसेट करून पुन्हा जोडणारं कोड लिहिलं. अडकण्याच्या तक्रारी निम्म्या झाल्या, माझं कौतुक झालं, एक टी-शर्ट मिळाला. जी यंत्रं अडकत होती ती झटके खात होती, आणि मी त्यांचं कण्हणं बंद केलं. पुढच्या वर्षी ती कण्हता कण्हता मेली.

डायोड कुठे बसतो, हे तो कोणता यापेक्षा महत्त्वाचं का, त्याचा हिशेब सोपा आहे. बारीक ट्रेसचा १ मिलिमीटर म्हणजे ढोबळमानाने १ नॅनोहेन्री. खाली अखंड ग्राउंड प्लेन असेल तर कमी. करंट ०.८ नॅनोसेकंदात शून्यावरून ३० अँपिअरवर जातो. म्हणजे दर नॅनोहेन्रीमागे साडेसदतीस व्होल्ट. डायोडच्या ग्राउंडच्या पायापासून प्लेनपर्यंत ५ मिलिमीटरची सुतळी ओढलीत, तर १८७ व्होल्ट त्या सुतळीवरच उभे राहिले. डायोडने १३ व्होल्टवर रोखण्याचा पराक्रम केला तरी चिपला दिसणार २०० व्होल्ट. महागडा डायोड विकत घेऊन तुम्ही त्याचे पाय बांधलेत.

म्हणून लेआउटचे नियम हे असे, भिंतीवर लावा:

डायोड कनेक्टरला चिकटून. मध्ये दुसरं काही नाही, लोगो तर नाहीच.

ट्रेस कनेक्टरकडून डायोडच्या पॅडवर यावा आणि पॅडवरूनच पुढे चिपकडे जावा. फाटा काढून डायोड बाजूला टांगू नका. फाट्यावरचा प्रत्येक मिलिमीटर वरच्या हिशेबात मोजला जातो. खामगावला जायचं तर जलंबला गाडी बदलून फाट्याने जावं लागायचं, ते माणसांना ठीक आहे. झटक्याला मेन लाइनवरच अडवा.

ग्राउंडच्या पॅडला लागूनच व्हिया, जमल्यास दोन-तीन, थेट प्लेनमध्ये.

कनेक्टर ते डायोड हे अंतर कमी, डायोड ते चिप हे त्याहून बरंच जास्त. त्या मधल्या लांबीचा इंडक्टन्स आता तुमच्या बाजूने लढतो, करंटला डायोडकडे ढकलतो. कॉमन मोड चोक किंवा सिरीज रेझिस्टर लावायचे असतील तर तेही डायोडच्या मागे, चिपच्या बाजूला.

डायोडच्या आधीच्या ट्रेसला समांतर रीसेटची किंवा क्लॉकची लाइन नेऊ नका. ३० अँपिअर शेजारून गेले की शेजाऱ्यालाही कळतं.

डी-प्लस आणि डी-मायनस जोडीने, ९० ओहमने, खाली न तुटलेल्या प्लेनवर. आणि कनेक्टरच्या धातूच्या कवचाला भक्कम वाट द्या. प्लग आत जाताना सगळ्यात आधी कवच टेकतं. मग साध्या ए प्रकारच्या प्लगमध्ये पुरवठ्याच्या पट्ट्या, कारण त्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा १ मिलिमीटर लांब असतात. यूएसबी बनवणाऱ्यांनी एवढा विचार १९९० च्या दशकातच करून ठेवलाय. आपण निदान तो वाया घालवू नये.

या नियमांपैकी एकालाही पैसा लागत नाही. चांगला डायोड वाईट जागी बसवायला जेवढा खर्च येतो तेवढाच चांगल्या जागी बसवायला येतो. त्यामुळे 'परवडत नाही' हे कारण इथे तरी कुणी सांगू नये.

कारण चौथं: "टेस्ट पास आहे, सर्टिफिकेट आहे"

कोणतं सर्टिफिकेट, हे विचारा. २०१२ च्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशापासून बऱ्याच इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर बीआयएसचा ठसा लागतो, आणि चांगलंच आहे ते. पण ती सुरक्षेची चाचणी आहे. यंत्र तुम्हाला शॉक देणार नाही, एवढीच हमी. तुम्ही यंत्राला दिलेल्या शॉकचं काय, यावर तो ठसा गप्प आहे. त्यासाठीचं मानक भारतातही आहे, आयएस १४७०० च्या भागांत आयईसी ६१०००-४-२ जसंच्या तसं घेतलेलं. मुंबईत समीर आहे, पुण्यात एआरएआय आहे, चाचणी करून मिळते.

आणि केलेल्या चाचणीचा निकालही नीट वाचा. निकालाच्या पायऱ्या असतात. झटका बसला आणि काहीच बिघडलं नाही, ही पहिली. बिघडलं आणि आपोआप सावरलं, ही दुसरी. कुणीतरी बंद करून चालू करावं लागलं, ही तिसरी. 'पास' म्हणजे कोणत्या पायरीवर पास, हे कंपनीने स्वतः ठरवलेलं असतं. दादाच्या दुकानात अकरा माणसांच्या रांगेत तिसरी पायरी म्हणजे नापासच.

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा. त्या मानकात चाचणीच्या खोलीची हवा कशी असावी हे दिलंय. तापमान १५ ते ३५ अंश, आर्द्रता ३० ते ६० टक्के. वाचलंत? मे महिन्यातल्या दुपारी घाटाखाली यातली एकही अट पाळली जात नाही. म्हणजे आमचा उन्हाळा तुमच्या प्रयोगशाळेच्या कक्षेतच बसत नाही. बरं, मानक लिहिणारे मूर्ख नव्हते. त्यांनी मागे एक मार्गदर्शक तक्ता जोडलाय. हवा १० टक्क्यांपर्यंत कोरडी जाणार असेल आणि आसपास सिंथेटिक कापड असेल तर सर्वात वरची पातळी घ्या, हवेतून १५ किलोव्होल्ट. प्लॅस्टिकची खुर्ची, ॲक्रिलिकचा स्वेटर, पॉलिएस्टरची शाल. हे आमचं रोजचं चित्र तिथे आधीच नोंदलेलं आहे. तरी पुण्या-मुंबईतल्या एसी खोलीत बसून कुणीतरी "४ किलोव्होल्ट बस झाले" असं ठरवतो, कारण त्याच्या टेबलावर कधी ठिणगी उडालेली नसते.

यातला विनोदही बघा. आमचा जिल्हा कापसाचा. खामगावला १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला तो माणसांसाठी नाही, कापसाच्या गाठींसाठी. कापूस हवेतलं पाणी धरून ठेवतो, प्रमाणित हवेत वजनाच्या साधारण साडेआठ टक्के. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्का. सुती सदरा घालणाऱ्यावर चार्ज कमी टिकतो. पण कापूस पिकवणारा बाजारातून पॉलिएस्टर विकत घेतो, कारण ते स्वस्त पडतं. मग त्याच अंगाने दोन रुपये वाचवलेल्या यंत्राला हात लावतो. सगळ्यांची बचत त्याच्याच बोटावर येऊन फुटते.

थोडं दुसऱ्या बाजूने

माझा एक हार्डवेअरवाला मित्र आहे, त्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, अरे, पोर्ट मरण्याची आणखी पन्नास कारणं असतात. कनेक्टर झिजतो, भिकार चार्जर लावतात, लाइनवर खरंच वर-खाली होतं, पावसाळ्यात वीज पडते. सगळं खोलीतल्या ठिणगीवर ढकलू नकोस. बरोबर आहे. हा डायोड विजेच्या कडाडीपुढे टिकणार नाही आणि मोडक्या कनेक्टरला सांधणार नाही. पण त्या पन्नास कारणांपैकी या एकाचं औषध दोन रुपयांत मिळतं, आणि त्याची जागा बोर्डवर आधीच आखलेली होती. दुसरी एकोणपन्नास दुखणी आहेत म्हणून पोलिओचा डोस टाळायचा का?

दुसरा आक्षेप, आता २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, ठशाचं यंत्र लागतं कशाला? छान. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्याला पट्टी असलेल्या म्हातारीला चेहरा दाखवायला सांगून बघा. आणि मोबाइललाही खाली एक यूएसबीचंच भोक असतं. टाइप-सीमध्ये तर २४ पट्ट्या, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने. जागा कमी झाली, चिपच्या आतली जाळी बारीक झाली, माणसाच्या बोटावरचे व्होल्ट आहेत तेवढेच आहेत.

मग आपण काय करायचं

हा ब्लॉग वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले, शहरात राहणारे. "आमचा काय संबंध" म्हणाल. संबंध आहे. रिव्ह्यूच्या मीटिंगमध्ये तुम्हीही बसता. तिथे एकच प्रश्न विचारा, डायोड कनेक्टरपासून किती मिलिमीटरवर आहे? उत्तर लगेच आलं नाही तर समजा की कुणी बघितलेलं नाही. भागांच्या यादीत 'बसवू नये' दिसलं तर त्यापुढे कोणाचं नाव आहे ते विचारा. आणि तुमच्या कोडमध्ये लिंक तुटून परत जुळत असेल, तर ती मोजा, तारीख-वेळ घालून नोंदवा, वर पाठवा. जुळवा जरूर, पण लपवू नका. मी लपवलं होतं, टी-शर्ट अजून कपाटात आहे, घालवत नाही.

शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात १९८३ पासून इंजिनिअर घडताहेत, आणि त्यातले कितीतरी आज तुमच्या-माझ्या शेजारच्या खुर्चीत आहेत. घाटाखालची हवा ज्यांनी अंगावर घेतलीय, त्यांनी तरी मीटिंगमध्ये तोंड उघडावं. पुण्याच्या माणसाला कोरडी हवा समजावून सांगणं आपलंच काम आहे.

दादाकडे मी काय केलं? टेबलावर एक स्टीलची पट्टी ठोकली, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं आणि पट्टी १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून अर्थला जोडली. रेझिस्टर यासाठी की चार्ज हळू उतरावा आणि काही उलटसुलट झालं तरी माणसाला धोका नको. वर कागद चिकटवला, 'आधी इथे हात लावा, मग यंत्राला'. खुर्च्यांवर सुती चादरी घातल्या. जरा बऱ्यातला हब आणून दिला. विकत घेण्याआधी दुकानात उघडून बघितला, दुकानदार वैतागला, बघितला तरी. सगळे सहा पाय जागेवर होते, कनेक्टरपासून दोन मिलिमीटरवर.

याला जुगाड म्हणून टाळ्या वाजवू नका. ती पट्टी म्हणजे कुणीतरी न केलेलं काम आहे, जे आता नानांना दरवेळी हात लावून पूर्ण करावं लागतं.

नानांचा दाखला दुसऱ्या दिवशी निघाला. पट्टीला हात लावला, मग यंत्रावर बोट ठेवलं, हिरवा दिवा लागला. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "चला, एक साल भेटलं." आणि चप्पल घालून निघाले. पुढचा नोव्हेंबरही कोरडाच असणार आहे.